पन्नाशीतला संसार आणि आमची ज्यू परंपरा

रेवदंड्याची लेक

सुखवस्तू, बिनकामाच्या माणसाने रोज. मजुराने आठवड्यातून दोनदा. गाढवं हाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंट हाकणाऱ्याने तीस दिवसांतून एकदा आणि खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. नवऱ्याने बायकोला निदान इतका सहवास दिलाच पाहिजे, असं मिश्नेत लिहून ठेवलंय. मिश्ना म्हणजे ज्यूंच्या मौखिक धर्मशास्त्राचा इ.स. 200च्या सुमारास तयार झालेला संग्रह. त्यात लग्नाच्या करारांवर केतुबोथ नावाचा एक अख्खा भाग आहे, तिथे हा हिशेब येतो.

यात हक्क बायकोचा आहे आणि देणं नवऱ्याचं. तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, नवऱ्याने बायकोला तीन गोष्टी तोडायच्या नाहीत असं सांगितलंय: अन्न, वस्त्र आणि सहवास. या तिसऱ्या देण्याला ओना म्हणतात. त्याला वयाची अट नाही. मूल व्हायचं वय सरलं, पाळी गेली, तरी नवऱ्याचं हे कर्तव्य संपत नाही, हे पुढच्या शास्त्र्यांनीही मान्य केलेलं आहे. तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तर विचारतो की गाढवं हाकणाऱ्याला उंट हाकायचे असतील, म्हणजे कमाई जास्त पण घरी येणं कमी, तर त्याला ते परस्पर ठरवता येईल का? नाही. कारण दहा माप धान्य आणि ताटातूट यापेक्षा बाईला एक माप धान्य आणि नवऱ्याची सोबत बरी वाटते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माहेर रेवदंड्याचं, सासर ठाण्याचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. कोकणात आम्ही तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून शनिवार तेली. तालमूद आमच्यापर्यंत फार उशिरा आला. पिढ्यान् पिढ्या शेमाची प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि संदेष्टा एलियाहू हनाबी एवढंच आम्ही घट्ट धरून ठेवलं होतं. मीही हे सगळं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, एका अभ्यासवर्गात वाचायला लागले. वाचायला लागले तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं ते सांगते.

मुलगा इस्रायलला गेला, मुलगी शिकायला बंगळूरला. घरात आम्ही दोघं. भांडण म्हणावं असं काही नाही. तो त्याच्या मोबाइलवर, मी माझ्या. गॅस लावलास का, लाइटचं बिल भरलंस का, यापलीकडे बोलणं नाही. त्यात माझी पाळी जाण्याचा काळ. रात्री दरदरून घाम यायचा, दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, कुणाचा अंगाला हात लागलेला नको. त्याला वाटायचं हिचा माझ्यावर राग आहे. मला वाटायचं याला माझं काही पडलेलं नाही. तालमूदात एक अनाम माणूस म्हणतो की आमचं प्रेम घट्ट होतं तेव्हा तलवारीच्या पात्याएवढ्या जागेत आम्ही दोघं निजायचो, आता साठ हात रुंद पलंगही पुरत नाही. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

आमच्या परंपरेने मला दिलेली खरी गोष्ट म्हणजे ठरलेली वेळ. मनात असेल तेव्हा, जमेल तेव्हा, वेळ मिळाला तर, असं ती म्हणत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी दिवा लागतो आणि तिथून तो दिवस आमचा असतो. तालमूदातल्या विद्वानांसाठी सहवासाची रात्रही शुक्रवारचीच सांगितली आहे. त्या दिवशी लसूण खावा असा जुन्या काळच्या एज्रा शास्त्र्याचा दंडकही आहे, कारण लसणाने प्रेम वाढतं! कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि एक नियम असा की मनात राग, भांडण किंवा द्वेष असताना, किंवा दारूच्या नशेत, जवळ यायचं नाही. बायकोची इच्छा नसताना तर नाहीच नाही. म्हणजे शुक्रवारची रात्र हवी असेल तर गुरुवारचं भांडण शुक्रवारी दुपारपर्यंत मिटवावं लागतं.

आता आमच्याकडे शुक्रवारी काय होतं? दुपारी मोबाइल कपाटात जातात. मी दिवे लावते. मनुकांच्या शरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, होतो. मग नवरा नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातल्या शेवटच्या बावीस ओव्या मराठी बायबलमधून मोठ्याने वाचतो. कर्तबगार बायकोची ती स्तुती आहे. जगभर ज्यू नवरे शुक्रवारी रात्री जेवायच्या आधी ती म्हणतात. त्यातली बाई रात्र सरायच्या आत उठते, शेत बघून-पारखून विकत घेते, तागाची वस्त्रं करून विकते. पहिल्या वेळी तो शेत विकत घेण्याच्या ओळीवर थांबला. आमचा फ्लॅट मी एकटीने फिरून, बिल्डरशी भांडून घेतला होता. "हे मी कधी बोललोच नाही तुला," म्हणाला आणि पुढची ओळ वाचायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं समोरासमोर कौतुक मी पहिल्यांदा ऐकत होते.

शरीराचं म्हणाल तर तेही हळूहळू आलं. आधी नुसतं शेजारी पडून बोलणं. डॉक्टरांकडेही गेले, औषध घेतलं, ते लपवण्यासारखं नाही. पण ठरलेली वेळ नसती तर आम्ही बोललोच नसतो.

या वयातल्या इतरांना काय वाटतं ते वाचायचं आहे. ज्यू असा किंवा नसा.

पेठकर

ताई, मनापासून लिहिलं आहेत. माझं लहानपण रास्ता पेठेत गेलं, सुक्कथ शेलोमो सिनेगॉगच्या अगदी जवळ. लाल देवळापाशी, म्हणजे दुसऱ्या सिनेगॉगपाशी, तर रोजचं जाणं-येणं. पण आत काय चालतं हे कधी विचारलं नाही, त्याची आता हळहळ वाटते.

एक प्रश्न आहे, राग मानू नका. पाळीच्या दिवसांत ज्यू नवरा-बायको एकमेकांना शिवत नाहीत, हे खरं ना? मग आमच्या आजीच्या "बाहेर बसण्या"पेक्षा ते वेगळं कसं? माझ्या आईने त्यापायी फार सोसलं. माठाला हात लागला म्हणून आख्खं पाणी ओतून दिलेलं मी पाहिलंय. त्यात अध्यात्म आहे असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो.

रेवदंड्याची लेक

पेठकर, राग कशाला? तुमच्या आईने सोसलं ते चूकच होतं.

आमच्यात त्या काळात बाई स्वयंपाक करते, सिनेगॉगमध्ये जाते, प्रार्थना म्हणते, पोथीला हात लावते. तोराच्या शब्दांना विटाळ होत नाही, असं तालमूदात स्पष्ट आहे. दुरावा आहे तो फक्त नवरा-बायकोत, आणि तो दोघांवरही असतो. पण कोकणात शेजाऱ्यांचं बघून आमच्याही घरात बायका वेगळ्या बसायच्या, हे माझ्या आजीकडून ऐकलंय. त्यामुळे आमचं सगळं निर्मळ आणि बाकीच्यांचं वाईट, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः हे नियम पूर्ण पाळत नव्हते. ज्यांनी पाळले त्यांनी लिहावं.

अश्दोदहून

मी पाळले, म्हणून लिहिते. लग्न होऊन इस्रायलला आले. सासर मूळचं पेणचं. घरी अजून मराठीच बोलतो, निदान आम्ही मोठी माणसं.

पाळी सुरू झाली की नवरा-बायको वेगळे. पाळी थांबल्यावर सात स्वच्छ दिवस मोजायचे. सगळे धरून साधारण बारा दिवस होतात. त्या काळात शेजारी निजायचं नाही आणि हातातून हातात वस्तूही द्यायची नाही. मीठ टेबलावर ठेवायचं, त्याने उचलायचं. मग रात्री मिक्वे, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याचं कुंड. तालमूदातले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मेईर म्हणतात की हे अशासाठी, की बायको परत येते तेव्हा लग्नमंडपातल्यासारखी नवी वाटावी. तरुणपणी हे किती खरं होतं ते मी सांगते. दर महिन्याला एक हुरहूर असायची. आणि ते बारा दिवस आम्हाला नुसतं बोलावं लागायचं. भांडण झालं तर जवळ घेऊन मिटवायची सोय नव्हती, शब्दांनीच मिटवावं लागायचं.

पन्नाशीकडे आल्यावर मात्र हे फार अवघड झालं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पाळी अनियमित होते. पाच दिवस मोजून झाले की सहाव्या दिवशी एक डाग दिसतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हार्मोनच्या गोळ्यांनीही कधी कधी रक्त जातं. आमचे आठवडेच्या आठवडे दुराव्यात गेले. आधी रब्बींना विचारायला लाज वाटायची. आता इस्रायलमध्ये योएत्सेत असतात, या विषयाचं शास्त्र नीट शिकलेल्या बायका. त्यांना फोनवर सगळं मोकळेपणाने विचारता येतं. कुठला डाग धरायचा, कुठला नाही, याला शास्त्रात बऱ्याच सवलती आहेत. त्या मला अशाच एका योएत्सेतमुळे कळल्या. प्रत्येक डागाला घाबरत बसू नका, आधी विचारा, असं मी माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना सांगते.

शेवटच्या मिक्वेचं सांगते. तो शेवटचा आहे हे त्या रात्री कळत नाही, वर्ष उलटून गेल्यावर कळतं. पाण्यात उतरताना अंगावर काही चालत नाही. नखं कापायची, अंगठी काढायची, केस विंचरून गुंता सोडवायचा, जखमेवर चिकटपट्टी असेल तर तीही काढायची. त्या रात्री माझी अंगठी निघेना, बोटं सुजली होती. तिथली बाई साबण घेऊन आली आणि माझा हात तिच्या हातात धरून हळूहळू फिरवत तिने ती काढली. मी तीन बुड्या घेतल्या, तिने प्रत्येकीला कशेर म्हटलं, म्हणजे डोकं-केस सगळं पाण्याखाली गेलं. एवढंच. घरी आले.

नंतर दुरावा कायमचा संपला. आता आम्हाला महिन्याचे सगळे दिवस मोकळे. वाटलं होतं की सुटलो! पण दोघंही गोंधळून गेलो. ज्या पंचांगावर इतकी वर्षं चाललो ते पंचांगच गेलं. सगळेच दिवस सारखे झाले की एकही दिवस खास राहत नाही. म्हणून ताई म्हणतात ते मला पटलं. आता आमचं पंचांग शुक्रवार. आणि नव्या वर्षाच्या सणाआधी मी अश्दोदच्या समुद्रात एक बुडी घेते, कारण समुद्रही मिक्वेच. त्याची मला सक्ती नाही, कुणी कशेर म्हणायला नसतं. नवरा किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभा असतो.

अवांतर: आमच्या लोकांच्या लग्नांवर इथल्या रब्बींनी संशय घेतला होता. 1962मध्ये बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा असा आदेश निघाला. आपली माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा 1964मध्ये तो प्रश्न सुटला. माझ्या सासू-सासऱ्यांचं लग्न त्याच काळातलं. सासूबाई म्हणायच्या, आमचं लग्न आम्ही मोर्च्यात कमावलंय.

सारंग

मी मुरूडचा, ज्यू नाही. सबंध आयुष्य बोटीवर काढलं, सारंग म्हणून रिटायर झालो. खलाशाला सहा महिने हे वाचलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं. आमची कॉन्ट्रॅक्टं नऊ-नऊ महिन्यांची असायची. अठराशे वर्षांपूर्वी त्यांनी सहा महिने ठरवले होते, म्हणजे माझ्यावर बाकी किती निघते बघा.

माझं दुखणं वेगळं आहे. मी आता कायमचा घरी आहे आणि घरात मला जागा नाही. तिचं सगळं बसलेलं आहे. सकाळी देवपूजा, मग भिशीच्या बायका, बँकेतली कामं, नातीला शाळेतून आणणं. मी रिटायर झाल्यावर तिला मदत म्हणून फळीवरचे डबे बोटीवरच्या स्टोअरसारखे नावं लावून ओळीत ठेवले. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, इतकी वर्षं मी अंधारात हात घातला तरी मला हळदीचा डबा सापडायचा. मी डबे परत होते तसे ठेवले.

बाहेरून पैसे पाठवले, घर बांधलं, मुलांना शिकवलं. तेव्हा वाटायचं आपलं कर्तव्य पुरं झालं. उंटवाल्याची ती ओळ वाचून मात्र घशात आवंढा आला. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं, मीही नाही. ताई, माझा प्रश्न असा, की खलाशी कायमचा घरी आला तर शास्त्रात त्याला काही सांगितलंय का?

रेवदंड्याची लेक

सारंगकाका, असा थेट नियम माझ्या वाचनात नाही. पण एक जागा सांगते. रब्बी योहानान म्हणतात, तोरा मिळाली नसती तर चांगली रीत आपण कोंबड्याकडून शिकलो असतो. तो आधी कोंबडीची मनधरणी करतो, मग जवळ जातो. वाडीतला कोंबडा तुम्ही रोज बघत असाल. पंख खाली टाकून, गोल फिरून, दाणा दाखवून तो तिला बोलावतो. तुमचा हक्क इतक्या वर्षांचा थकलाय असं समजू नका, थकलेलं तिचं आहे. आता दाणा दाखवायची पाळी तुमची.

मनमोकळी

लेख सुंदर आहे, पण मला काही गोष्टी सोडवत नाहीत. मी घटस्फोटित आहे, पंचेचाळिसाव्या वर्षी वेगळी झाले. ज्यू परंपरेवर थोडं वाचलंय.

रब्बी अकीवाची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. चाळिशीपर्यंत अडाणी, गुराखी. बायको राहेल श्रीमंत बापाचं घर सोडून त्याच्याशी लग्न करते, त्याला शिकायला पाठवते. बारा वर्षांनी तो परत येतो, दारातूनच तिचं बोलणं ऐकतो की आणखी बारा वर्षं शिकला तरी चालेल, आणि घरात पाऊल न ठेवता तसाच मागे फिरतो. चोवीस वर्षांनी हजारो शिष्य घेऊन येतो आणि म्हणतो, माझं आणि तुमचं जे काही आहे ते सगळं हिचं आहे. टाळ्या. पण त्या बाईचं तारुण्य आणि मध्यमवय दोन्ही वाट बघण्यात गेलं. शिष्य मिळाले, नवरा मिळाला का?

आणि घटस्फोटाचं काय? ज्यू घटस्फोटाचं पत्र, गेट, नवऱ्यानेच द्यायचं असतं. त्याने दिलं नाही तर बाई अडकून राहते, तिला दुसरं लग्न करता येत नाही. अशा बायका आजही आहेत. पहिल्या बायकोला सोडलं तर वेदीसुद्धा अश्रू ढाळते असं तालमूद म्हणतो. वेदी रडली, पण बाई अडकलेलीच राहिली.

रेवदंड्याची लेक

मनमोकळी, गेटबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि ती आमच्या धर्मशास्त्रातली मोठी जखम आहे. प्रयत्न होत आलेत. सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने युरोपातल्या ज्यूंमध्ये दंडक आला की बायकोच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट द्यायचा नाही आणि दुसरी बायको करायची नाही. इस्रायलमध्ये 1995च्या कायद्याने गेट अडवणाऱ्या नवऱ्याचं लायसन्स, पासपोर्ट, बँकेचे व्यवहार रोखता येतात, तुरुंगातही टाकता येतं. काही ठिकाणी लग्नाआधीच तसा करार करून घेतात. तरी बायका अडकतात. म्हणून मी माझ्या मुलीला सांगितलंय, करार केल्याशिवाय मंडपात उभी राहू नकोस.

अकीवाच्या गोष्टीबद्दल मात्र थोडं पुढे सांगायचं आहे. केतुबोथमध्ये ती एकटी येत नाही. तिच्या जरा आधी राव रेहूमीची गोष्ट आहे. तोही दूर गावी शिकायला होता आणि वर्षातून एकदाच, योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या सणाच्या, आदल्या दिवशी घरी यायचा. एका वर्षी अभ्यासात गुंग झाला. बायको दाराशी उभी, आता येईल, आता येईल. आला नाही. तिच्या डोळ्यातून एक थेंब पडला. त्याच क्षणी तो बसला होता ते छत खचलं आणि तो मेला.

ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. ज्या विद्वानांनी तालमूद रचला ते स्वतःच महिनोन् महिने घराबाहेर असायचे. त्यांनी स्वतःच्याच धंद्याबद्दल हे लिहून ठेवलं, की शिकण्यात देव आहे, पण बायकोच्या एका थेंबाची किंमत त्यापेक्षा कमी नाही. अकीवाच्या गोष्टीत राहेल स्वतःहून हो म्हणते. रेहूमीच्या बायकोला कुणी विचारलंच नाही. माझ्या मते सगळा फरक त्यात आहे. चोवीस वर्षं मलाही पटत नाहीत, पण विचारून गेलेला आणि न विचारता राहिलेला हे दोघं सारखे नव्हेत.

आणि अकीवा चाळिशीनंतर शिकायला लागला, हे मला फार जवळचं वाटतं. विहिरीच्या दगडावर पाण्याने पडलेला खळगा बघून त्याला वाटलं की थेंब दगड कोरतो तर तोरा माझं मन का नाही कोरणार. मऊ व्हायला उशीर झालेला नसतो, हे आमच्या दोघांनाही तेव्हा ऐकायला हवं होतं.

मनमोकळी

रेहूमीची गोष्ट माहीत नव्हती. आमच्या घरी सगळा अबोला न विचारण्यातूनच आला होता. तुमच्या मुलीला सांगितलंत ते उत्तम केलंत.

जुना ठाणेकर

मी शाआर हाशामाईमचा, ठाण्याचं 1879चं आपलं सिनेगॉग. वय झालंय, टाइप करायला नातू मदत करतो आहे.

जेरुसलेमला रब्बी आर्ये लेविन म्हणून होऊन गेले, 1969मध्ये वारले. तुरुंगातल्या कैद्यांना दर शब्बाथला भेटायला जायचे. बायकोचा पाय दुखायला लागला तेव्हा तिला घेऊन डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, डॉक्टर, माझ्या बायकोचा पाय आम्हाला दुखतो आहे. ही गोष्ट मी पन्नाशीत आमच्या हाझ्झानकडून, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याकडून, ऐकली. तेव्हा हिचे गुडघे गेले होते आणि मी डॉक्टरसमोर म्हणायचो, हिला चालायचा कंटाळा आहे. त्यानंतर कधी म्हटलं नाही.

दुसरं, दारफळणीच्या सणाचं. आजची मुलं योम किप्पूर म्हणतात. माणसाने देवाचा अपराध केला तर तो दिवस तो धुऊन काढतो, पण माणसाचा अपराध केला तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माफी नाही, असं मिश्ना सांगते. आमच्याकडे आम्ही सगळ्या नातेवाइकांची माफी मागायचो, आणि घरातल्या माणसाची मागायची राहून जायची. आम्ही दोघांनी पुढे ठरवलं की पहिली माफी घरातली. सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी चहाच्या आधी. मी काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, नुसतं "काही चुकलं असेल तर" असं चालायचं नाही. तिची यादी माझ्यापेक्षा लहान असायची. ती आजारी पडली त्या वर्षी तिने सांगितलं की तुझ्या आईवरून मी तुला एकदा जे बोलले ते अजून मनात आहे. मी ते कधीच विसरलो होतो. तिच्या मनातून ते गेलं याचं मला बरं वाटलं.

आता ती नाही. तालमूदात म्हटलंय की बाई मरते ती नवऱ्यासाठीच मरते. बाकीचे आठवण काढतात, पण दोन वाट्या काढून एक परत ठेवणारा मीच. रेवदंड्याच्या पोरी, शुक्रवार सोडू नकोस.

रेवदंड्याची लेक

काका, नाही सोडणार. या शुक्रवारी जेवायला या, नातवालाही आणा. पत्ता निरोपात पाठवते.

सारंग

कळवायला लिहितोय. बायकोने सगळा धागा वाचला, अश्दोदच्या ताईंचं दोनदा. शुक्रवार तिला चालत नाही, त्या दिवशी भिशी असते. बुधवार ठरला. संध्याकाळी सहानंतर भिशी नाही, बोटीवाल्या दोस्तांचे फोन नाहीत, टीव्ही बंद. पहिल्या बुधवारी आम्ही बंदरावर जाऊन आलो. तिने विचारलं की बोटीवर रात्री तुम्ही नक्की काय करायचा, म्हणजे पहाऱ्यावर नसलात की. मला हे कुणी विचारलं नव्हतं. नऊ वाजेपर्यंत सांगत होतो.

पेठकर

वा काका! ताई, ते मनुकांचं शरबत कसं करता? आईला दाखवायचं आहे. आणि तुमचा तो गोड पोह्यांचा मलिदा फक्त एलियाहूसाठीच असतो का, की लग्नाच्या वाढदिवसालाही चालतो?

रेवदंड्याची लेक

मलिदा नवसाला, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, कुठल्याही चांगल्या कारणाला होतो. आमच्या पंचविसाव्या वाढदिवसाला केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, वर फळं. एलियाहू हनाबीचं गाणं म्हणायचं, फळांवरचे आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांना वाटायचा.

शरबतासाठी काळ्या मनुका घ्या, बेदाणे नकोत. धुऊन गुरुवारी रात्री भिजत घाला. मनुका बुडून वर दोन बोटं पाणी राहील इतकं पाणी. सकाळी त्याच पाण्यात हाताने नीट कुस्करा, बिया असतील तर मिक्सर नको, कडू होतं. फडक्यातून घट्ट पिळून गाळा. फार दाट वाटलं तर थोडं पाणी घाला, साखर लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं. आईंना कसं लागलं ते कळवा.